लाइन जाऊन आली की कंटेनर बंद: कर्नलची सेटिंग रीस्टार्टनंतर का टिकत नाही

तक्रार साधारण अशी येते. जिनिंगच्या ऑफिसात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात एक डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवलेला असतो. त्यावर उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स, आणि डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) काटापावतीचं सॉफ्टवेअर, मारियाडीबी हा डेटाबेस, चालू डेटा मेमरीत ठेवणारा रेडिस, जोडीला जुन्या पावत्या शोधायला इलॅस्टिकसर्च. बसवून दिलं त्या दिवशी सगळं व्यवस्थित. मग एका सकाळी फोन येतो: "भाऊ, रात्री लाइन गेली होती. मशीन तर चालू झालं, पण सॉफ्टवेअर काऊन उघडून नाही राहिलं?" नागपुरात बसलेला माणूस दुरून लॉगिन करतो, एक आज्ञा मारतो, काम सुरू होतं. पुढच्या वेळी लाइन गेली की पुन्हा तोच फोन.

यात मशीन बिघडलेलं नसतं. ती आज्ञा चालू कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) मेमरीतला एक आकडा बदलते. वीज गेली की आकडाही गेला. शहरातल्या डेटा सेंटरमध्ये ही चूक वर्षभर झाकलेली राहते, कारण तिथे मशीन रीस्टार्टच होत नाही. दारव्हा-दिग्रसकडे पावसाळ्यात डीपी उडाली की त्याच रात्री ती उघडी पडते. इन्व्हर्टर आहे म्हणूनही निश्चिंत राहू नका. घरगुती इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर जाताना क्षणभर सप्लाय तोडतो, आणि पंख्याला न जाणवणारा तो क्षण संगणकाला पुरतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं. संगणक जोडलेला असेल तर ते त्याच मोडवर हवं.

पुढच्या आज्ञा आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) टाइप करायची. बिंदू, अधोरेषा, आडवी रेघ जिथे दिसते तिथेच हवी. सिससीटीएल (कर्नलचे आकडे वाचणारी आणि बदलणारी आज्ञा) म्हणजे एस-वाय-एस-सी-टी-एल, आणि एटसी म्हणजे ई-टी-सी.

आधी कोणता आकडा अडवतोय ते पाहा

कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. व्हर्च्युअल मशीनला असतो, कंटेनरला नाही. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडं, पण विहीर एकच, असा हा प्रकार. म्हणून इमेज (ज्यावरून कंटेनर घडतो तो साचा) कितीही नवी आणली, कंटेनर दहादा पाडून उभा केला, तरी खालच्या मशीनचा कर्नल नाही म्हणत असेल तर फरक पडत नाही. इमेज पुन्हा डाउनलोड करण्यात गावाकडच्या नेटवर अर्धा दिवस घालवण्याआधी या दोन आज्ञा चालवा:

सुडो डॉकर पीएस -ए
सुडो डॉकर लॉग्ज --टेल ५० कंटेनरचं-नाव

पहिल्या आज्ञेत स्टेटसच्या रकान्यात 'रीस्टार्टिंग (७८)' दिसलं आणि लॉगमध्ये 'मॅक्स व्हर्च्युअल मेमरी एरियाज ... टू लो' अशी ओळ असली, तर इलॅस्टिकसर्चला व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट कमी पडतंय. कर्नलचा मूळ आकडा ६५५३०, त्याला किमान २६२१४४ लागतो. उबुंटू २४.०४ आणि फेडोरा ३९ पासून हा आकडा मुळातच १०४८५७६ केलेला आहे. म्हणून नव्या मशीनवर जुन्या यादीतली २६२१४४ ची ओळ डोळे मिटून टाकू नका. आकडा वाढायच्या ऐवजी कमी व्हायचा. आधी नुसतं 'सिससीटीएल व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट' चालवून चालू आकडा वाचा.

स्टेटसमध्ये १३७ दिसलं तर ही वेगळी भानगड आहे. प्रोसेस बाहेरून मारली गेली, आणि बहुतेक वेळा ती मेमरी संपल्यामुळे. 'डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी, कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. तिथे कंटेनरची मेमरी-मर्यादा वाढवावी लागते किंवा रॅम टाकावी लागते.

रेडिसचा त्रास फसवा असतो, कारण तो सकाळी दिसत नाही. मशीन उठतं, पावत्या निघतात, आणि दुपारी काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असताना 'मिसकॉन्फ' अशी अक्षरं येऊन पावती सेव्ह व्हायची थांबते. रेडिस ठरावीक वेळाने डेटा डिस्कवर लिहायला स्वतःची प्रत काढतो. व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी (हाती आहे त्याहून जास्त मेमरी देऊ करायची का, हे ठरवणारा आकडा) ० असेल आणि रॅम तुटपुंजी असेल, तर कर्नल ती प्रत काढू न देण्याची शक्यता असते. लॉगमध्ये 'फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी' उमटतं. डिस्कवर लिहिणं फसलं की रेडिस मूळ सेटिंगनुसार नवं लिखाण घ्यायलाच नकार देतो. डेटा वाचवण्यासाठीच तो तसं करतो, म्हणून ती नकाराची सेटिंग बंद करू नका. ओव्हरकमिट १ करा. रेडिस सुरू होतानाच लॉगमध्ये 'मेमरी ओव्हरकमिट मस्ट बी एनेबल्ड' असं बजावत असतो, फक्त कोणी वाचत नाही.

फाइल लिहा

सुडो नॅनो /एटसी/सिससीटीएल.डी/९९-झेडझेड-कंटेनर.कॉन्फ

त्यात, जे लागतं तेवढंच:

व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट = २६२१४४
व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी = १
नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड = १
कर्नल.पॅनिक = १०

शेवटची ओळ कंटेनरसाठी नाही, गावासाठी आहे. कर्नल.पॅनिकचा मूळ आकडा सहसा ० असतो, म्हणजे कर्नल कोसळला तर मशीन तसंच गोठून राहतं, कोणी येऊन बटण दाबेपर्यंत. १० ठेवलं की दहा सेकंदांनी ते आपोआप रीस्टार्ट होतं. सर्व्हरची खोली कुलूपबंद आणि चावी तालुक्याला गेलेल्या माणसाकडे, अशा ठिकाणी ही ओळ हवीच. बायोसमध्ये वीज परतल्यावर मशीन आपोआप चालू होण्याची सेटिंगही त्याच फेरीत पाहून घ्या.

मग 'सुडो सिससीटीएल --सिस्टम'. कोणती फाइल वाचली, कोणता आकडा लागला, हे ते ओळीओळीने दाखवतं.

फाइल आहे, तरी रीस्टार्टनंतर आकडा जुनाच

बहुतेक लोक इथे अडकतात. आज्ञा हाताने चालवली की आकडा लागतो, मशीन उठल्यावर लागत नाही. याची कारणं तीन-चारच आहेत.

एक म्हणजे नावांचा क्रम. मशीन सुरू होताना सिस्टमडी (सगळ्या सेवा क्रमाने सुरू करणारा प्रोग्रॅम) या फाइली नावाच्या रोमन वर्णक्रमाने वाचतं आणि जी शेवटी येते तिचा आकडा टिकतो. फोल्डर कोणतं याचा क्रमाशी संबंध नाही. उबुंटू २४.०४ वर आणि डेबियन १२ पर्यंत ९९-सिससीटीएल.कॉन्फ नावाची एक कडी (लिंक) असते, ती /एटसी/सिससीटीएल.कॉन्फ या जुन्या फाइलकडे नेते. तुमच्या फाइलचं नाव ९९-कंटेनर असेल तर रोमन 'सी' आधी, 'एस' नंतर. जुन्या फाइलमध्ये कोणी कधीकाळी टाकलेला आकडा तुमच्यावर कुरघोडी करतो. वरच्या नावात 'झेडझेड' त्यासाठीच आहे. खरं म्हणजे जुनी ओळ शोधून काढून टाकणंच बरं:

ग्रेप -आर मॅक्स_मॅप_काउंट /एटसी/सिससीटीएल.कॉन्फ /एटसी/सिससीटीएल.डी /रन/सिससीटीएल.डी /यूएसआर/लिब/सिससीटीएल.डी

दुसरं, डेबियन १३. या आवृत्तीपासून मशीन सुरू होताना /एटसी/सिससीटीएल.कॉन्फ वाचलीच जात नाही. पण हाताने 'सिससीटीएल -पी' चालवलं तर ती आज्ञा नेमकी तीच फाइल वाचते. म्हणून दुरून लॉगिन करणाऱ्याला वाटतं, फाइल बरोबर आहे, आताच लागली की! डेबियन १२ वरून १३ वर नेलेल्या मशीनवर हा घोळ हमखास होतो. त्या फाइलमधल्या ओळी सिससीटीएल.डी मध्ये हलवा.

तिसरं कारण मॉड्यूलचं, म्हणजे कर्नलला गरजेनुसार जोडल्या जाणाऱ्या भागाचं. काही आकड्यांची जागाच मॉड्यूल लोड झाल्यावर तयार होते. नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्सला बीआर_नेटफिल्टर लागतं, नेट.नेटफिल्टर.एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्सला एनएफ_कॉनट्रॅक. मशीन उठताना सेटिंग आधी लागते, डॉकर बराच नंतर येतो आणि त्याच्यासोबत मॉड्यूल येतं. ज्या वेळी आकडा लिहायचा होता त्या वेळी लिहायला जागाच नव्हती. तासाभराने तुम्ही हाताने आज्ञा मारता तेव्हा मॉड्यूल आलेलं असतं, म्हणून लगेच लागते. नोंद इथे सापडते:

सुडो जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-सिससीटीएल

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' दिसलं की खात्री झाली. उपाय म्हणजे /एटसी/मॉड्यूल्स-लोड.डी/कंटेनर.कॉन्फ ही फाइल करून तिच्यात एका ओळीवर बीआर_नेटफिल्टर आणि दुसऱ्या ओळीवर एनएफ_कॉनट्रॅक लिहायचं. सिस्टमडी मॉड्यूलचं काम सेटिंगच्या आधी उरकतं, त्यामुळे क्रम आपोआप जुळतो. आरसी.लोकलमध्ये (मशीन उठताना चालणारी जुन्या पद्धतीची फाइल) 'स्लीप ६०' टाकून मग आज्ञा चालवण्याचा जुगाड बऱ्याच मशीनवर दिसतो. डिस्क जुनी झाली, मशीन उठायला साठ सेकंदांच्या वर लागले, की तो पडतो.

चौथं, यूएफडब्ल्यू फायरवॉल. त्याची स्वतःची वेगळी फाइल असते, /एटसी/यूएफडब्ल्यू/सिससीटीएल.कॉन्फ, आणि तिच्यात नावं बिंदूंऐवजी तिरप्या रेघांनी लिहिलेली असतात. वरच्या ग्रेपमध्ये हे फोल्डर नाही, आणि ते जोडून नेट.आयपीव्ही४ असं शोधलं तरी ती ओळ हाती लागत नाही. फायरवॉल सुरू झालं की त्या फाइलमधले आकडे पुन्हा लिहिले जातात.

नेटवर्क अचानक मेलं: आयपी_फॉरवर्डचा उलटा प्रकार

हा दोष बरोबर उलट वागतो. रीस्टार्ट केलं की चालतं, आणि कोणी सेटिंगची आज्ञा मारली की बंद पडतं. डॉकर सुरू होताना नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड स्वतः १ करून घेतो. पण कुठल्यातरी सुरक्षेच्या यादीतून उचललेली 'आयपी_फॉरवर्ड = ०' ही ओळ फाइलमध्ये पडून असेल, तर दुसऱ्याच कामासाठी 'सिससीटीएल --सिस्टम' चालवलं की तो आकडा शून्य होतो. कंटेनर चालू दिसतात, मशीनवरून नेट चालतं, कंटेनरमधून मात्र बाहेर काहीच जात नाही. नवा कंटेनर उभा करताना 'आयपीव्ही४ फॉरवर्डिंग इज डिसेबल्ड' असा इशाराही येतो. ती शून्याची ओळ शोधून खोडा.

होस्टवर (खालच्या मूळ मशीनवर) आकडा बरोबर, कंटेनरमध्ये चुकीचा

व्हीएम.* आकडे साऱ्या मशीनला एकच असतात. नेट.* मधले बहुतेक आकडे तसे नाहीत. प्रत्येक कंटेनरला आपलं वेगळं नेटवर्क मिळतं आणि त्यात ते आकडे कर्नलच्या मूळ किमतीपासून सुरू होतात. होस्टवर काय लिहिलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

गावाकडे याचा फटका बसतो तो टीसीपी कीपअलाइव्हमध्ये (शांत जोडणी जिवंत आहे का, हे विचारत राहण्याची सोय). ऑफिसचं नेट ४जी राउटरवरचं असलं की बराच वेळ शांत पडलेली जोडणी मोबाइल कंपनीचं नेटवर्क गुपचूप विसरून जातं. मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसला जोडलेला कंटेनर मात्र जोडणी जिवंत समजून वाट पाहत बसतो. कर्नलचे मूळ आकडे असे: ७२०० सेकंद शांतता, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा विचारणा. हिशेब करा, जोडणी मेल्याचं कळायला दोन तास अकरा मिनिटं जातात. तोवर 'डेटा अडकला' म्हणून कोणीतरी मशीन बंद-चालू केलेलं असतं.

होस्टच्या फाइलमध्ये ३०० लिहून उपयोग नाही. कंपोज फाइलमध्ये (कोणते कंटेनर कसे घडवायचे हे डॉकरला सांगणारी फाइल) त्या सेवेखाली लिहा:

सिससीटीएल्स:
  नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम: ३००
  नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कीपअलाइव्ह_इंटव्हीएल: ३०
  नेट.आयपीव्ही४.टीसीपी_कीपअलाइव्ह_प्रोब्स: ५

इंटव्हीएल म्हणजे इंटरव्हलचं आखूड रूप, आय-एन-टी-व्ही-एल. आता मेलेली जोडणी साडेसात मिनिटांत उघडकीला येते, शिवाय दर पाच मिनिटांच्या विचारणीमुळे नेटवर्क ती सहसा विसरत नाही. अट एवढीच की प्रोग्रॅमने कीपअलाइव्ह चालू केलेलं असावं.

हे आकडे कंटेनर तयार होताना बसतात. 'डॉकर रीस्टार्ट' केल्याने नवे आकडे येत नाहीत, 'डॉकर कंपोज अप -डी' करून कंटेनर नव्याने घडवावा लागतो. मग आत डोकावून पाहा:

सुडो डॉकर एक्झेक कंटेनरचं-नाव कॅट /प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/टीसीपी_कीपअलाइव्ह_टाइम

कंटेनरच्या आत शिरून 'सिससीटीएल -डब्ल्यू' मारायला गेलात तर 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' असं उत्तर येतं. त्यावर कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून चालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. एका आकड्यापायी त्या कंटेनरला साऱ्या मशीनची चावी देणं झालं ते. देऊ नका. आणि नेटवर्क 'होस्ट' ठेवलेल्या कंटेनरला डॉकर नेट.* आकडे देऊच देत नाही. तिथे मात्र होस्टचेच लागू होतात.

सोमॅक्सकॉन (किती जोडण्या रांगेत थांबू शकतात तो आकडा) हाही याच जातीचा. कर्नल ५.४ पासून त्याचा मूळ आकडा १२८ वरून ४०९६ झाला, त्यामुळे आता सहसा हात लावावा लागत नाही.

डिस्कवर जागा आहे, तरी 'नो स्पेस लेफ्ट'

'डीएफ -एच' चाळीस जीबी मोकळे दाखवतं आणि कंटेनर म्हणतो जागा संपली. आधी 'डीएफ -आय' ने आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदीच्या जागा) पाहा. तेही मोकळे असतील आणि प्रोग्रॅम फाइलींवर नजर ठेवणारा असेल, तर आयनोटिफायची (फाइलींमधले बदल कळवणारी कर्नलची सोय) वॉचेसची मर्यादा संपलेली असते. कर्नल या अडचणीलाही तोच संदेश देतो, काय करणार. वेगवेगळ्या कंटेनरमधला रूट (सर्वाधिकारी खातं) हा, वेगळी यूजर नेमस्पेस (खात्यांची स्वतंत्र यादी) नसेल तर, कर्नलच्या लेखी एकच माणूस. म्हणून सगळ्यांची मोजणी एकाच खात्यावर चढते आणि सात-आठ कंटेनर झाले की इन्स्टन्सेसची १२८ ची मर्यादाही भरू शकते. तेव्हा मात्र संदेश 'टू मेनी ओपन फाइल्स' असा येतो.

एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_इन्स्टन्सेस = ५१२
एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूजर_वॉचेस = ५२४२८८

या दोन ओळी होस्टच्याच फाइलमध्ये.

मशीन रास्पबेरी पाय किंवा विंडोज असेल तर

पायवर डॉकर 'नो मेमरी लिमिट सपोर्ट' म्हणतो, कारण मेमरी सीग्रुप (कंटेनरची मेमरी मोजणारी आणि अडवणारी कर्नलची सोय) मुळात बंद ठेवलेला असतो. ही सिससीटीएलची गोष्ट नाही, कर्नलला सुरू होतानाच सांगावी लागते. /बूट/फर्मवेअर/सीएमडीलाइन.टीएक्सटी (जुन्या आवृत्तीत नुसतं /बूट/ खाली) उघडा आणि आहे त्याच ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'सीग्रुप_एनेबल=मेमरी सीग्रुप_मेमरी=१' जोडा. एंटर मारून नवी ओळ केली तर ती वाचली जात नाही. ती अख्खी फाइल म्हणजे एकच ओळ.

विंडोजवर डॉकर डेस्कटॉप असेल तर खाली डब्ल्यूएसएल-२ चा (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) लिनक्स कर्नल असतो आणि तो दर वेळी कोरा उठतो. वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये .डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलमध्ये [डब्ल्यूएसएल२] या मथळ्याखाली लिहा:

कर्नलकमांडलाइन = "सिससीटीएल.व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट=२६२१४४"

नोटपॅड गुपचूप .टीएक्सटी चिकटवतो, ते तपासा. मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करून डॉकर पुन्हा सुरू करा.

पडताळणी

आकडे चालू मशीनवर बरोबर दिसले म्हणजे काम झालं असं धरू नका. मूळ तक्रार रीस्टार्टची आहे, तेव्हा 'सुडो रीबूट' करूनच पाहायचं. उठल्यावर कशालाही हात न लावता पाच मिनिटं थांबा आणि मग:

सिससीटीएल व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड कर्नल.पॅनिक
सुडो डॉकर पीएस

चारही आकडे जागेवर आणि प्रत्येक कंटेनर 'अप' असला की एक पावती काढून पाहा. एखादा कंटेनर यादीतच नसेल तर त्याचं रीस्टार्ट धोरण 'अनलेस-स्टॉप्ड' किंवा 'ऑलवेज' आहे का ते बघा. नसेल तर कर्नलचा आकडा बरोबर असूनही तो उठणार नाही.

चाचणीसाठी प्लग उपटू नका. कर्नल लिहायचा डेटा तीस सेकंदांपर्यंत मेमरीत धरून ठेवू शकतो, डेटाबेस आपलं तेवढं सांभाळतो पण बाकीच्या फाइली अर्धवट राहतात. आणि कापसाच्या हंगामात ही चाचणी शेवटची गाडी काट्यावरून उतरल्यावर, रात्रीच करा.